बिहारचे सरकार महाराष्ट्रापेक्षा मोठे आहे का?

दर वर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की मी आधी दोन भागाकार करून बघतो. सरकारच्या एकूण खर्चाला राज्याच्या स्थूल उत्पन्नाने, म्हणजे राज्यात वर्षभरात झालेल्या सगळ्या उत्पादनाच्या किमतीने, भागायचे, हा एक. त्याच खर्चाला लोकसंख्येने भागायचे, हा दुसरा. २०२५-२६ साली महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता आणि राज्याचे स्थूल उत्पन्न ४९ लाख कोटींच्या थोडे वर धरले होते. उत्तर येते १४ टक्के. त्याच वर्षी बिहारचा अर्थसंकल्प ३ लाख १७ हजार कोटींचा होता आणि तिथले स्थूल उत्पन्न ११ लाख कोटींच्या आसपास. उत्तर येते २९ टक्के. एवढ्यावर थांबलो तर म्हणावे लागेल की बिहारचे सरकार महाराष्ट्राच्या सरकारापेक्षा दुपटीने मोठे आहे.

दुसरा भागाकार केला की चित्र उलटे होते. महाराष्ट्राची लोकसंख्या पावणेतेरा कोटींच्या घरात, बिहारची तेरा कोटींच्या. महाराष्ट्र सरकार माणशी वर्षाला सुमारे पंचावन्न हजार रुपये खर्च करते, बिहार सरकार सुमारे चोवीस हजार. ज्या सरकारला आपण आत्ताच दुप्पट मोठे म्हणालो, ते आपल्या नागरिकामागे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी पैसा खर्चू शकते. गोवा घ्या. त्याच वर्षीचा गोव्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या थोडा वर, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या साधारण २० टक्के. टक्केवारीच्या तक्त्यात गोवा महाराष्ट्र आणि बिहार यांच्या मधोमध बसतो. पण सोळा लाख लोकसंख्येने भागले तर माणशी पावणेदोन लाख रुपये येतात, बिहारच्या सातपट. या आकड्यांत कर्जाची परतफेडही धरलेली आहे. ती वगळली तर आकडे थोडे उतरतात, क्रम तोच राहतो.

सरकार मोठे की लहान हा वाद जगभर पहिल्या भागाकारावर चालतो. फ्रान्स ५७ टक्के, जर्मनी आणि स्वीडन पन्नासच्या जवळ, अमेरिका ३६ ते ३८, भारतात केंद्र आणि राज्ये मिळून २८-२९, आयर्लंड २३ च्या आसपास, सिंगापूर विशीच्या आत. हा तक्ता पुढे ठेवून एक बाजू म्हणते की प्रगत देश इतका खर्च करतात, मग आपण का नाही. दुसरी बाजू तक्त्याच्या तळाशी बोट ठेवून म्हणते की सिंगापूर विशीच्या आत राहून कुठल्या कुठे गेले. माझे म्हणणे असे आहे की या तक्त्यावरून दोघांनाही आपापले म्हणणे सिद्ध करता येत नाही, आणि भारतासारख्या देशाने त्यावरून धोरण ठरवणे घातक आहे.

घातक हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. गरीब देशात हा टक्का दोन्ही बाजूंनी फसवतो. देणाऱ्यावरचे ओझे तो कमी दाखवतो आणि घेणाऱ्याच्या पदरात पडणारे जास्त दाखवतो.

देणाऱ्याची बाजू दादाभाई नवरोजींनी दीडशे वर्षांपूर्वी मांडून ठेवली आहे. त्यांनी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला वीस रुपये काढले. त्या काळी राज्यकर्ते सांगत की इंग्लंडमधल्या माणसाच्या मानाने हिंदी माणूस कर फारच थोडा भरतो. दादाभाईंचे उत्तर असे होते की नुसता कर बघू नका, तो भरल्यावर माणसाच्या हाती काय उरते ते बघा. ज्याच्या घरात जेमतेम पोटापुरते येते त्याच्याकडून घेतलेला हिस्सा आणि सुखवस्तू इंग्रजाकडून घेतलेला तेवढाच हिस्सा यांचे वजन एक नसते. आजही भारतात सरकारी खर्चाचा मोठा भाग वस्तू-सेवा करातून आणि इंधनावरच्या करातून उभा राहतो. तो साबणावर आणि डिझेलवर सगळ्यांकडून सारखाच घेतला जातो. म्हणून आपल्याकडचे २८ टक्के हे ओझे म्हणून लहान नाहीत.

घेणाऱ्याची बाजू मात्र याच्या उलट आहे. भारतात केंद्र आणि राज्ये मिळून जो खर्च करतात तो माणशी वर्षाला साधारण पासष्ट हजार रुपये पडतो. त्यातले दहा-अकरा हजार जुन्या कर्जाच्या व्याजात जातात. उरलेल्यात सैन्य, पोलीस, न्यायालये, शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, रेशन, खताचे अनुदान, पगार आणि पेन्शन हे सगळे बसवायचे असते. फ्रान्सचे सरकार माणशी सुमारे २४ हजार युरो खर्च करते, म्हणजे बावीस लाख रुपयांच्या आसपास. टक्केवारीत फ्रान्स आपल्या दुप्पट आहे, पैशात तेहतीसपट. आपल्याकडे डॉक्टरचा पगार, मजुरी, घरभाडे सगळेच स्वस्त, हे हिशेबात धरले तरी फरक दहा-अकरा पटींच्या खाली येत नाही. ‘त्यांच्या निम्मे सरकार तर आपल्याकडे आहेच, मग निम्म्या सेवा का मिळत नाहीत?’ असा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा राग खरा असतो. पण मिळणार असतील तर एक-दशांश सेवा मिळतील, निम्म्या नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अमेरिकेचेही तसेच. अमेरिका म्हणजे लहान सरकार आणि फ्रान्स म्हणजे मोठे सरकार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बाजारातल्या विनिमय दराने अमेरिकेतली सरकारे, संघराज्य, राज्ये आणि शहरे मिळून, माणशी सुमारे ३२ हजार डॉलर खर्च करतात आणि फ्रान्सचे सरकार सुमारे २६ हजार. दोन्हीकडच्या महागाईतला फरक काढून टाकला की दोघे जवळजवळ बरोबरीत येतात. वीस टक्क्यांचे अंतर दिसते ते बरेचसे अमेरिकेचे उत्पन्न अवाढव्य असल्यामुळे.

एवढे झाले तरी अजून आपण भागाकाराच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांकडे बघितलेलेच नाही. ते बघायला हवे, कारण खरी गडबड तिथे आहे.

वरचा आकडा. ‘राष्ट्रीय उत्पन्नातला सरकारचा वाटा’ असे आपण सहज म्हणतो, पण तो वाटा नसतोच. वाटा शंभराच्या आतला असावा लागतो. सरकार पेन्शन, बेकारभत्ता, अनुदान म्हणून जे देते ते एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिलेले असते. त्यातून नवे उत्पादन झालेले नसते, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत ते येत नाही. सरकारी खर्चाच्या मोजणीत मात्र येते. फ्रान्सच्या ५७ पैकी सरकारचा स्वतःचा उपभोग खर्च, म्हणजे शिक्षक, परिचारिका, सैनिक, औषधे, कार्यालये, सुमारे २४ टक्के आहे. भारतात हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास आहे. फ्रान्सच्या उरलेल्या खर्चातला फार मोठा भाग लोकांच्या खात्यातून निघून लोकांच्याच खात्यात जातो. तुवालू, नौरू यांसारख्या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मासेमारीचे परवाने आणि परदेशी मदत यांच्या जोरावर सरकारी खर्च काही वर्षी देशाच्या उत्पन्नापेक्षाही जास्त झालेला आहे. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक अर्थव्यवस्था सरकारच्या ताब्यात आहे, हे वाक्य मी मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. ते चूक आहे. फ्रान्समध्ये म्हातारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचे पेन्शन सरकारी तिजोरीतून जाते, एवढाच त्यातला बराचसा अर्थ. २०२३ साली तिथे निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्यावरून लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, कारण त्या ५७ टक्क्यांतली सर्वांत मोठी रक्कम तीच आहे.

आणि जे सरकार देत नाही पण द्यायला लावते, त्याचे काय? स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाने आरोग्य विमा काढलाच पाहिजे असा कायदा आहे. विमा कंपन्या सरकारी नाहीत, म्हणून हप्त्याचा पैसा सरकारी खर्चात दिसत नाही. शेजारच्या फ्रान्समध्ये तोच पैसा सक्तीची वर्गणी म्हणून सार्वजनिक आरोग्य निधीत जातो आणि सरकारी खर्चात दिसतो. लोकांच्या कमाईतून पैसा दोन्हीकडे सक्तीनेच जातो, दवाखान्यात बिल दोन्हीकडे त्यातूनच भागते. एका देशाचा टक्का तेहतिसाच्या आसपास दिसतो, दुसऱ्याचा सत्तावन्न. सिंगापूरचे उदाहरण तर सगळ्यात बोलके आहे. १९५५ पासून तिथे भविष्य निर्वाह निधी आहे आणि पंचावन्न वर्षांच्या आतल्या नोकरदाराच्या पगाराचे ३७ टक्के, २० त्याचे आणि १७ मालकाचे, त्यात कायद्याने जमा होतात. त्यातून घर, दवाखाना, म्हातारपण यांची सोय होते. दहापैकी जवळपास आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. या देशाला लहान सरकारचा आदर्श म्हणून दाखवणाऱ्यांनी हा ३७ चा आकडा त्या तक्त्याशेजारी लिहावा, एवढीच माझी मागणी आहे.

आपल्याकडची अशीच एक गोष्ट मला फार खुपते. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागातल्या बेघर कुटुंबाला सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आयुष्यात एकदा. हा सरकारी खर्च. जुन्या करपद्धतीत राहणारा आणि सर्वांत वरच्या दराने कर भरणारा नोकरदार गृहकर्जाच्या व्याजापोटी वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट घेतो आणि उपकर धरून त्याचे ६२ हजार ४०० रुपये वाचतात. दोन वर्षांत त्या बेघर कुटुंबाच्या घरकुलाएवढी रक्कम होते, आणि कर्ज वीस वर्षे चालते. हा सरकारी खर्च नाही. तो कर न घेणे आहे, म्हणून खर्चाच्या कुठल्याही टक्केवारीत येत नाही. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मी हे गृहकर्ज घेणाऱ्यांच्या विरोधात लिहीत नाही. कष्टाने घर घेणारा मध्यमवर्ग मीही आहे. पण एकाला ‘फुकटेपणा’ म्हणायचे आणि दुसऱ्याचे नावही घ्यायचे नाही, हे बोलणे मोजमापातल्या या भोकामुळे शक्य होते. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे किती महसूल सुटला याचे विवरण दर वर्षी छापले जाते. ते वाचणारे मला फारसे भेटत नाहीत.

विजेतही तेच आहे. शेतीपंपाला वीज स्वस्त मिळते त्याचा एक भाग राज्य सरकार अनुदान म्हणून भरते. तो अर्थसंकल्पात दिसतो. दुसरा भाग उद्योगांना आणि दुकानांना चढा दर लावून वसूल केला जातो. तो कुठेच दिसत नाही. उद्या वीज नियामक आयोगाने सगळ्यांचा दर सारखा केला आणि फरक सरकारने तिजोरीतून भरला, तर ‘सरकारी खर्च वाढला’ अशी बातमी येईल. शेतकऱ्याच्या पंपाला मिळणारी वीज तीच असेल.

असे खरोखर घडलेले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. भारतीय अन्न महामंडळ धान्य खरेदी करते, रेशनवर स्वस्तात देते आणि तोटा केंद्र सरकार भरून देते. कित्येक वर्षे केंद्र हा तोटा पुरता भरत नव्हते. महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावत होते. कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणून ना केंद्राच्या खर्चात दिसे, ना तुटीत. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात हे झाकलेले उघडे केले गेले. २०२०-२१ साठी अन्न अनुदानाची तरतूद १ लाख १५ हजार कोटींची होती, सुधारित अंदाजात ती ४ लाख २२ हजार कोटी झाली. यातली काही वाढ करोनाकाळात वाटलेल्या मोफत धान्याची होती आणि ती योग्यच होती. पण मोठा भाग होता मागच्या वर्षांच्या कर्जाची परतफेड. त्या आधीची सगळी वर्षे केंद्राचा खर्च खऱ्यापेक्षा कमी दिसत होता आणि त्याच आकड्यांवर आपण जगाशी तुलना करत होतो. रस्त्यांचेही थोडेसे असेच झाले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण स्वतः कर्ज काढून रस्ते बांधत असे. २०२२-२३ पासून ते थांबले आणि पैसा थेट केंद्राच्या अर्थसंकल्पातून येऊ लागला. केंद्राचा भांडवली खर्च पुढे भराभर वाढलेला दिसतो, त्यातला काही भाग एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला आहे.

आता खालचा आकडा, राष्ट्रीय उत्पन्न. २०१५ साली आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढली असे जाहीर झाले. आयर्लंडच्या लोकांना त्या वर्षी काही जाणवले नाही, कारण परदेशी कंपन्यांनी आपली पेटंटे आणि बौद्धिक संपदा करासाठी आयर्लंडच्या वह्यांत आणून ठेवली होती, एवढेच झाले होते. त्यानंतर तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला देशाच्या उत्पन्नाचे एक वेगळे, सुधारित मोजमाप तयार करावे लागले. त्या मोजमापाने बघितले तर आयर्लंडचा सरकारी खर्च २३ टक्के नसून चाळीसच्या आसपास निघतो. म्हणजे तक्त्याच्या तळाशी बसलेला देश मधे येतो. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० चे जुने आधारवर्ष, म्हणजे मोजणी ज्या सालच्या किमतींवर बेतलेली असते ते साल, बदलून २०१० घेतले, मोबाइल कंपन्या आणि चित्रपट व्यवसाय नीट मोजले, आणि अर्थव्यवस्था कागदावर ८९ टक्क्यांनी मोठी झाली. सरकारने एक नायराही कमी खर्च न करता त्याचा टक्का जवळजवळ निम्मा झाला. २०२० मध्ये याच्या उलट झाले. करोनामुळे उत्पादन कोसळले आणि सगळ्या जगात सरकारे ‘फुगली’. त्यातला एक हिस्सा खर्च वाढल्यामुळे होता, दुसरा भाजक आकसल्यामुळे.

इतक्या खोट असलेल्या आकड्याचा काहीच उपयोग नाही का? आहे. एकाच देशाची दोन सालांतली तुलना करायला, मोजण्याची रीत बदललेली नसेल तर, तो चांगला आहे. १९९३ साली स्वीडनचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास गेला. बँका संकटात होत्या, बेकारी वाढली होती. पुढच्या काळात त्यांनी पेन्शनची रचना बदलली, खर्चावर कमाल मर्यादा घातल्या आणि टक्का पन्नाशीपर्यंत उतरवला. ताप मोजायला थर्मामीटर लागतो तसा तिथे तो आकडा लागला. कर्ज किती झेपेल हे बघायलाही तो लागतो.

लहान सरकारच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत जोरदार मुद्दा मला वेगळा वाटतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. त्या बाजूचे लोक म्हणतात, फ्रान्स-जर्मनीची आजची टक्केवारी काय दाखवता. ते देश आपल्याइतके गरीब होते तेव्हाची दाखवा. १८७० मध्ये आज प्रगत असलेल्या देशांचा सरकारी खर्च सरासरीने १० टक्क्यांच्या आसपास होता, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरही तो फार वाढलेला नव्हता. विसावे शतक संपताना तो ४५ टक्क्यांच्या आसपास पोचला. आधी श्रीमंती आली, मग मोठे सरकार आले. भारत तर गरीब असतानाच २८ वर आहे.

आकडे खरे आहेत. पण १८७० चे सरकार खर्च करून विकत काय घेऊ शकत होते? क्षयावर औषध नव्हते, पेनिसिलीन नव्हते, गोवर-पोलिओची लस नव्हती. श्रीमंत इंग्रजाचेही मूल घटसर्पाने जाई. आज एका रुपयाच्या सरकारी लशीने जे वाचते ते तेव्हा खजिना ओतूनही वाचत नव्हते. दुसरे, त्या काळात मागायला कोणाच्या हाती मत होते? इंग्लंडमध्ये सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला १९२८ मध्ये. आपण पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, प्रत्येक प्रौढाला तो दिला. मत देणारी बाई पाणी मागणार, शाळा मागणार. तिला ‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, शंभर वर्षे थांबा’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही टक्केवारीतून मिळत नाही.

मग तुलना करायची कशी? या प्रश्नाचे उत्तर मला गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे सापडते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेला, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेला हा माणूस. मार्च १९१० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करावे असा ठराव त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडला. तेव्हा त्यांनी साम्राज्याच्या उत्पन्नाशी खर्चाचे प्रमाण सांगितले नाही. प्राथमिक शिक्षणावर दर माणशी किती खर्च होतो, याचे देशोदेशीचे आकडे ठेवले. अमेरिकेत १६ शिलिंग, इंग्लंड-वेल्समध्ये १० शिलिंग, हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. १६ शिलिंग म्हणजे १९२ पेन्स. समोर बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना या तुलनेत पळवाट नव्हती, कारण एक पेनीत मूल शिकत नाही हे कोणालाही कळते. पुढच्या वर्षी त्यांनी विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

गोखल्यांच्या रीतीत दोन गोष्टी आहेत. खर्च कशावर, हे आधी ठरवायचे. आणि मग माणशी किती, हे विचारायचे. आपण आज दोन्ही विसरलो आहोत. सार्वजनिक आरोग्यावर जीडीपीच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या, २.५ टक्के खर्च २०२५ पर्यंत करू, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले गेले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता. १.८४ आणि २.५ यांतला फरक ऐकून कोणाचाही जीव हलत नाही. पण त्याच लेख्यांत दुसरा आकडा आहे: केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर दर माणशी वर्षाला ३,१६९ रुपये. दिवसाला पावणेनऊ रुपयांच्याही आत. आणि एकूण आरोग्यखर्चातले ३९ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात. पावणेनऊ रुपये म्हटल्यावर ज्याने कधी आईला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत सकाळ काढली आहे त्याला कळते की डॉक्टर का कमी आहेत आणि औषध बाहेरून का आणायला सांगतात.

तिसरी गोष्ट मी माझ्याकडून जोडेन: खर्च कोण करतो. डेन्मार्कमध्ये सार्वजनिक खर्चाचा मोठा भाग नगरपालिका आणि प्रादेशिक संस्था करतात. शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळे त्यांच्या हाती. भारतातल्या सगळ्या महापालिका-नगरपालिकांचा मिळून खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास आहे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या अहवालात दाखवले. ब्राझीलमध्ये हाच आकडा ७ टक्क्यांच्या वर आहे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा, म्हणजे गोवा राज्याच्या अडीचपट, हे ऐकून आपल्याला वाटते की महापालिका म्हणजे कुबेर. पण मुंबई एकच आहे. १ जुलै २०१७ ला जकात गेली तेव्हापासून तीही राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून असते, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या नगरपालिकेला आठ दिवसांआड पाणी सोडतानाही पगाराची चिंता असते. एकूण खर्चाचा टक्का हे काहीच सांगत नाही. २८ टक्क्यांतले किती रुपये त्या माणसाच्या हाती आहेत ज्याला तुम्ही घराबाहेर पडून गाठू शकता, हे मला महत्त्वाचे वाटते.

महाराष्ट्राने हे मोजमाप एकदा करून दाखवले आहे. १९८३ साली प्रादेशिक असमतोल तपासायला वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. समितीने कोणत्या विभागावर किती टक्के खर्च झाला या वादात वेळ घालवला नाही. रस्ते, सिंचन, खेड्यांची वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, अशी क्षेत्रे घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काय आणि जिल्हा तिच्या किती मागे, ते काढले. आणि ती तूट भरून काढायला किती रुपये लागतील हे लिहिले. १९८४ च्या अहवालात तो एकूण आकडा सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा विदर्भाचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला. त्या समितीच्या पद्धतीवर टीका झाली, अजून होते. पण नंदुरबारच्या आणि गडचिरोलीच्या माणसाला आपल्याला काय मिळायचे राहिले आहे हे एका आकड्यात सांगता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

हीच रीत देशांच्या तुलनेत का नको? भारताचा आरोग्यातला अनुशेष किती, प्राथमिक शिक्षणातला किती, व्हिएतनाम किंवा श्रीलंकेच्या बरोबरीला यायला माणशी किती रुपये लागतील, ते रुपये कोणत्या कराने येतील आणि कोणाच्या हातून खर्च होतील. असा वाद झाला तर लहान सरकारवाल्यांनाही त्यात बोलायला भरपूर जागा आहे. एखादे काम खासगी संस्था निम्म्या पैशात करते हे त्यांनी दाखवावे. कुठे कोणत्या खात्यात पैसा मुरतो ते दाखवावे. मी त्यांचे ऐकेन. २८ जास्त की ५७ कमी, या वादात मात्र मला आता रस उरलेला नाही.

दांडेकर समितीनंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे आली. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार त्यांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायचा असे. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. राज्याच्या आर्थिक पाहणीत दर वर्षी शेकडो तक्ते असतात. अक्कलकुव्यातल्या मुलाच्या शाळेवर आणि अंधेरीतल्या मुलाच्या शाळेवर सरकार वर्षाला किती रुपये खर्च करते, हे शेजारी शेजारी छापलेला एक तक्ता मला पुढच्या मार्चमध्ये त्यात बघायचा आहे.